आईच्या गुडघ्याच्या मापाची गाडी

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको की हा माणूस दवाखान्यात, गॅरेजात, सगळीकडं कशाला तणतणत होता. आमच्या घरातच ते आहे. आई म्हणते तुझ्या आप्पांकडून आलं. आप्पा हयात होते तेव्हा ते म्हणायचे, तुझ्या आईकडून आलं. दोघंही ओरडूनच म्हणायचे.

माझ्याकडं एक पांढरी गाडी आहे. जुनीच घेतली, पण घेतल्यावर पहिलं काम काय केलं, तर परभणीच्या एका मिस्तरीकडून ती खाली बसवून घेतली. कंपनीचे शॉकअप काढून टाकले आणि त्यांच्या जागी आटे पाडलेले शॉकअप टाकले. त्या आट्यांवर एक जाड कडं असतं आणि त्या कड्यावर स्प्रिंग बसते. कडं खाली फिरवलं की गाडी खाली, वर फिरवलं की वर. मी ते पार खाली नेलं होतं. चाकं आणि पत्र्याच्या मधी बोट जाईना, एवढी खाली. सोनपेठात तशी गाडी दुसरी नव्हती आणि मला त्याचा लय अभिमान होता. कचेरीतले लोक रोज विचारायचे, "का हो, चारी चाकं पंक्चर हायेत का?" मी त्यांच्या नादी लागत नसे. ज्यांना गाडीत फक्त एसी कळतो त्यांच्याशी काय बोलायचं?

तोटे होते. नाही कशाला म्हणू? आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळासमोर एक गतिरोधक आहे. तो सरकारी नाही. एका मोटारसायकलवाल्यानं कुणाची तरी शेळी उडवली, त्या दिवशी संध्याकाळी गल्लीनं वर्गणी काढून सिमेंट आणलं आणि रागारागात तो घातला. त्यामुळं त्याची उंची कुठल्या नियमात बसत नाही, रागात बसते. शेताचा बांध परवडला. माझी गाडी त्याच्यावरून जाताना खालून घासायची आणि "खर्रर्र" असा आवाज सगळ्या गल्लीत जायचा. मी तिरकी घालायचो, मुंगीच्या पावलानं घालायचो, तरी घासायचीच. मी कचेरीतून आलो हे घरात त्या आवाजावरून कळायचं. आवाज झाला की आई चहाचं आधण ठेवायची. मी दारात चप्पल काढेपर्यंत त्याला उकळी आलेली असायची.

बाकी गाडीशी आईचं वाकडं होतं. दर शनिवारी ती बंपरला लिंबू-मिरची बांधायची आणि सोमवारपर्यंत लिंबू रस्त्यावर घासून अर्धं झालेलं असायचं. "देवाचं लिंबू बी टिकू देत न्हाई ही," म्हणायची. एकदाच बसली होती गाडीत, गंगाखेडला गोदावरीच्या अंघोळीला. जाताना कशीबशी बसली, पण उतरताना काही केल्या उठता येईना. शेवटी घाटावरच्या दोन अनोळखी बायांनी तिचे दोन हात धरून तिला उपसून काढलं. चारचौघांत शोभा झाली. तिथंच घाटावर तिनं जाहीर केलं, "ह्या घोरपडीत मी पुन्ना बसणार न्हाई." आणि बसली नाही. त्यानंतर ती एसटीनं जायची. मी म्हणायचो, जा बाई एसटीनं, तिथं तुला मांडीवर घ्यायला कंडक्टर बसलाय.

पुढं कळलं की त्यात गाडीचा दोष थोडा आणि खुब्याचा जास्त होता. आई एका बाजूला कलून चालायला लागली, मग भिंत धरून चालायला लागली, मग परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. खुब्याची वाटी पार झिजली होती. नवीन सांधा घालावा लागेल म्हणाले. ती आधी नको नको म्हणाली आणि मग एके दिवशी स्वतःच म्हणाली, "घाला काय घालायचं ते. मला पुन्ना सरळ चालायचंय." ऐन उन्हाळ्यात ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. वॉकर धरून ती वॉर्डात चालायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला व्यायाम शिकवायला लागली. आमचा जीव भांड्यात पडला. पालमहून माझी धाकटी बहीण तिच्या सोबतीला येऊन राहिली होती. बायको सोनपेठात घर सांभाळत होती.

मग सुट्टी द्यायचा दिवस आला आणि सकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. मांडी घालायची नाही. खाली वाकायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली बसायचं नाही. जिथं बसतील ती जागा गुडघ्यापेक्षा उंच पाहिजे. गुडघा खुब्याच्या वर गेला, की नवा सांधा निखळू शकतो.

"निखळला तर?" बहिणीनं विचारलं.

"तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. आणि दुसऱ्यांदा ते इतकं सोपं नसतं." मग त्यांनी मला विचारलं, "गाडी कोणती आणली?"

मी खिडकीकडं बोट केलं. ते उठून खिडकीशी गेले. खाली कडुनिंबाच्या सावलीत माझी गाडी उभी होती. डॉक्टर वाकून बघायला लागले.

"ती? ती बसलेली?"

"हो."

"त्यात नाही," ते म्हणाले आणि परत येऊन खुर्चीत बसले.

मला राग आला, पण कुणावर काढणार? बाहेर येऊन फोन फिरवायला लागलो. लग्नसराई होती. ज्याला फोन करावा त्याची गाडी कुठल्या ना कुठल्या वरातीत. एका दोस्ताची जीप मोकळी होती, पण तिच्यात चढायला पाय खांद्याएवढा वर उचलावा लागतो आणि तेही आईला बंद होतं. शेवटी दवाखान्यातल्या माणसानं सुचवलं, आमची ॲम्ब्युलन्स घेऊन जा, झोपवून नेऊ, काही टेन्शन नाही. मी लगेच हो म्हणालो आणि वॉर्डात जाऊन आईला सांगितलं.

"मी ॲम्ब्युलन्समधी येणार न्हाई," आई म्हणाली.

"कामून?"

"गल्लीतले लोक रडायला लागतेल."

वॉर्डातल्या बाया हसल्या, पण तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या गल्लीतला एक म्हातारा असाच बरा होऊन ॲम्ब्युलन्सनं घरी आला होता. देवळासमोर म्हशी आडव्या आल्या म्हणून ड्रायव्हरनं जरा सायरन वाजवला. झालं! किराणावाल्यानं शटर ओढलं, बाया पदर तोंडाला लावून धावल्या आणि एकीनं तर गळाच काढला. मागचं दार उघडलं तर म्हातारा उठून बसलेला. विचारतो, "कोण गेलं?"

"मग सायरन न वाजवता नेऊ," मी म्हणालो.

"न्हाई म्हणले ना."

"आई, हट्टाला पण काही माप असतं! तू काय मागायलीस, पालखी आणू का?"

मी असा मोठ्यानं बोलायला लागलो तशी बहिणीनं माझा शर्ट धरून मला व्हरांड्यात ओढलं. ती रागावलेली नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "दादा, आप्पा त्याच गाडीतून आले व्हते."

आप्पांना असंच परभणीला नेलं होतं आणि ते परत आले ते ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीखाली. मी ड्रायव्हरशेजारी बसलेलो होतो. गाडी गल्लीत वळली तेव्हा आई दारात उभी होती. सायरन नव्हता, तरी तिला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही, चौकटीला धरून नुसती बघत राहिली. आयुष्यभर ओरडून बोललेली बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नव्हती. हे मला माहीत होतं आणि मी तिला पालखी आणू का म्हणून विचारत होतो.

वॉर्डात परत गेलो. "तू माझ्या गाडीत येशील का?" मी विचारलं.

"त्या घोरपडीत? डॉक्टर न्हाई म्हणलेत की."

"ती वर करून आणतो."

आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "वर बी करता येती का ती?"

मग आम्ही तिच्या गुडघ्याचं माप घेतलं. टेप नव्हती. नर्सबाईंनी बँडेजची एक लांब पट्टी कापून दिली. आई वॉकर धरून सरळ उभी राहिली, बहिणीनं पट्टीचं एक टोक टाचेशी धरलं आणि मी गुडघ्याच्या मागच्या घडीशी गाठ मारली. "काय करायलाव? साडीला फॉल लावायलाव का?" आई म्हणाली. डॉक्टर तिथूनच चालले होते. ते म्हणाले, माणूस बसल्यावर सीट त्या गाठीच्या चार बोटं तरी वर पाहिजे. बसल्यावर, हं. मी मान डोलावली, पट्टी खिशात घातली आणि निघालो.

मिस्तरीचं गॅरेज जिंतूर रोडला आहे. गाडी खाली केली ती त्यानंच. जाडजूड माणूस, माझ्या वयाचा, आणि स्वतःच्या कामाचा मला आहे त्याहून जास्त अभिमान. "वर करायची," मी म्हणालो तर त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"किती वर?"

मी खिशातून बँडेजची पट्टी काढून त्याला गाठ दाखवली. तो गाठीकडं बघायला लागला, मग माझ्याकडं.

"भाऊ, गाडी करायची का जखम बांधायची?"

मी सगळं सांगितलं. दारात दुसरी एक गाडी उभी होती, ती त्यानं ढकलून बाजूला केली आणि माझी आत घ्यायला लावली. जॅक लावला, चाकं काढली. आत बघतो तर आट्यांमध्ये काळी माती बसून तिची वीट झालेली. आपल्याकडची माती तुम्हाला माहीत आहे. ओली असते तेव्हा सोडत नाही आणि वाळते तेव्हा तर मुळीच सोडत नाही. मिस्तरीनं तारेचा ब्रश घेऊन डिझेल मारत मारत आटे घासले. मग आकड्यासारखा वाकडा पाना असतो, तो कड्याच्या खाचेत अडकवून जोर लावला. कडं हललं नाही. मी जोर लावला. हललं नाही. पाना सटकून माझी बोटं पत्र्यावर आदळली आणि मी त्या कड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"तू तिकडं जाऊन बस," मिस्तरी म्हणाला. "तुज्या शिव्यानं ते अजून घट्ट व्हायलंय."

वर पत्रे तापलेले, खाली आम्ही दोघं घामानं चिंब. बहिणीचा फोन आला, जेवणं झाली, आई विचारायलीय घोरपड कुठवर आली. मी म्हणालो, येतो म्हणून सांग. एवढ्यात मिस्तरीनं पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एक टोला घातला आणि कडं कुरकुरत फिरलं. तो आवाज ऐकून मला एवढं बरं वाटलं की मी मिस्तरीच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या शर्टावर माझ्या काळ्या हाताचा पंजा उमटला. बाकीची कडी त्या मानानं सरळ वागली. चारी बाजूंनी सारखं वर घेतलं, ते सरकू नये म्हणून खालून दुसरं कडं घट्ट आवळलं, चाकं बसवली आणि जॅक काढला.

गाडी उभी होती! म्हणजे खरोखर उभी. मी दार उघडून पट्टीचं टोक जमिनीला लावलं आणि वर धरलं. सीट गाठीच्या वर होती. मोजून चार बोटं. "झालं की रे!" मी ओरडलो. मिस्तरीनं चहा मागवला. चहा पिताना तो म्हणाला, खाली करायला लोक रांग लावतेत, वर करायला तूच पयला. आम्ही हसलो. त्याचा निरोप घेतला, गाडी काढली, गॅरेजच्या तोंडाशी नालीवरची फरशी आहे तिच्यावरून चाकं गेली आणि खालून "धप्प" असं काहीतरी झालं.

मी उतरलो. पट्टी लावली. सीट गाठीला टेकली होती. वरची चार बोटं गायब.

आता यात काय झालं ते सांगतो, कारण त्या क्षणी आम्हाला दोघांनाही ते लगेच कळलं आणि म्हणूनच आम्ही एकमेकांवर एवढे तुटून पडलो. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नसते. चाकं लोंबकळून आत ओढली गेलेली असतात आणि जमिनीला टेकली तरी तिथंच अडून राहतात. गाडी खोटी उंच दिसते. तिला दोन वेळा पुढंमागं ढकलून बसू द्यायचं आणि मग मोजायचं. गाडीचा नाद असलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. गाडी खाली केली तेव्हा आम्ही तसं केलंही होतं. खाली करताना सगळं नीट केलं आणि वर करताना घाईत विसरलो.

"तुला म्हाईत न्हाई का?" मी म्हणालो.

"तुला न्हाई का? तूच पट्टी घेऊन नाचायलास की!"

"मिस्तरी तू हायस का मी?"

"आन माय कुणाची हाय?"

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. गल्लीचं तोंड, वळणारी गाडी, आतून उतरताना आईचा सांधा निखळलेला, असलं काहीतरी डोळ्यांसमोर यायला लागलं. मिस्तरीलाही ते दिसलं असावं. त्यानं पुन्हा जॅक आणला.

दुसऱ्यांदा कडं पार वर, शेवटच्या आट्यापर्यंत नेलं. त्याच्या वर जागाच नव्हती. शॉकअपला कडकपणा कमीजास्त करायचा एक खटका असतो, तो मऊकडं फिरवला, म्हणजे गचके कमी बसतील. मग जॅक काढून दोघांनी गाडी पुढं ढकलली, मागं ढकलली, पुन्हा पुढं. बॉनेट दाबून हलवलं, डिकी दाबून हलवली. आणि मी म्हणालो, "आता बस."

"कुठं?"

"आईच्या जागेवर. डॉक्टर म्हणलेत, माणूस बसल्यावर मोजा."

तो बसला. गाडी त्या बाजूला कलली. "माज्या वजनात तुजी माय दोनदा मावंल," तो आतून म्हणाला. पट्टी लावली. एवढ्या माणसाच्या वजनाखाली सीटचा स्पंज दबूनसुद्धा ती गाठीच्या वर होती. पण चार बोटं नव्हती. दोनच होती.

मी पट्टी हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिलो. आट्यांवर जागा संपलेली, आता कुणाचं नाव घ्यायचं? मिस्तरी सीटवर बसल्या बसल्या उगीच वर खाली हलून बघत होता. मग म्हणाला, "स्पंज दबायलाय भाऊ. गाडी न्हाई, स्पंज. याच्यावर काहीतरी दडस, न दबणारं टाक."

आणि मला आईची वाकळ आठवली. जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली, फळीसारखी घट्ट. दवाखान्यातल्या चादरीवर झोप येत नाही म्हणून तिनं ती सोनपेठहून हट्टानं आणायला लावली होती आणि मी येताना त्यावरून सुद्धा भांडलो होतो. बहिणीला फोन केला. वाकळीची चौपदरी घडी घातली तर किती भरेल? ती म्हणाली, थांब, बघते. मग म्हणाली, "चार बोटाला जास्तच हाय दादा."

तेव्हा कुठं मी उठून पट्टी खिशात घातली. निघताना मिस्तरी म्हणाला, चाकांची सरळ रेघ बिघडली असंल, आज हळू चालव आन मग एखाद्या दिवशी घेऊन ये. आणि खिडकीतून आत वाकून म्हणाला, "मायला सांग, बसल्याबरोबर सांग, म्या केलीय मनून."

दवाखान्यात गाडी पोर्चमध्ये लावली तेव्हा डॉक्टर स्वतः खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही बसलेली होती ना सकाळी?"

"उठवली," मी म्हणालो.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई बरोबर होत्या. त्यांनी वाकळीवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली. साडीच्या दुकानातली होती. आईनं गाडीकडं पाठ केली, मागं हात लावून जागा चाचपली, आधी टेकली, मग पिशवीवरून सरकत सरकत आत गेली आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले. मी गुडघ्यांकडं बघत होतो. गुडघे खुब्याच्या खाली होते. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हात अजून डिझेलनं बरबटलेले होते.

आईनं दोन्ही बाजूंना बघितलं. "ही ती गाडी न्हाई."

"तीच हाय."

"मग आधी कामून न्हाई केली अशी?"

बहीण मागच्या सीटवर तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. मी गाडी सुरू केली.

परभणी ते सोनपेठ हा रस्ता मी डोळे मिटून सांगू शकतो. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता, त्याला नुसत्या लाटा. गाडी खाली होती तेव्हा मला त्यातली लाट न् लाट पाठ झाली होती. प्रत्येक गतिरोधकापाशी माझं अंग आपोआप आखडायचं, दात आवळले जायचे आणि खालून घासायची वाट बघायचं. त्या दिवशीही तसंच होत होतं. पोखर्णीजवळ एक आला. मी दात आवळले. काही झालं नाही. पुढं आणखी एक. काही नाही. गाडी नुसती वर गेली आणि खाली आली, नीट, शहाण्यासारखी. दोन-चार झाल्यावर माझे खांदे आपोआप खाली आले. कितीतरी दिवसांत मी एवढा सैल बसलो नव्हतो.

गंगाखेडच्या पुलावर आई म्हणाली, "जरा हळू घे." मी हळू घेतली. तिनं कठड्यावरून नदीकडं बघितलं आणि हात जोडले. मागं आम्ही आलो होतो तेव्हा तिला खिडकीतून नुसता कठडाच दिसला होता, हे तिनं मला लगेच ऐकवलं. उन्हाळ्यामुळं गोदावरीला पाणी थोडंच होतं, पण तिला तेवढं पुरलं. त्यानंतर तिला झोप लागली. मी आरशातून बहिणीकडं बघितलं. तीही झोपली होती. दोघी बिनघोर. मी एकटाच जागा होतो आणि मला लय बरं वाटत होतं.

उन्हं कलता कलता सोनपेठात शिरलो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि देवळासमोर गाडी उभी केली. समोर तो रागाचा गतिरोधक. आईला जाग आली होती. "थांबलास कामून?" ती म्हणाली. तिरकी घातली तर आई एका बाजूला कलंडेल, म्हणून सरळच घालायची होती. पहिल्या गिअरमध्ये घातली. पुढची चाकं चढली, उतरली. मी पोट आत ओढून घेतलं, जसं काही माझंच पोट घासणार होतं. मागची चाकं चढली. उतरली. आवाज नाही. काहीच नाही.

घरासमोर गाडी लावली. दार बंद. बायकोनं सकाळी फोनवर दहादा सांगितलं होतं, भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय आत्याबाईंना आत आणू नका, मी दारातच थांबते. आणि दारात कुणी नाही. गल्लीतही कुणी बाहेर आलं नाही. माझं डोकं फिरायला लागलं, पण आधी आईला उतरवायचं होतं. बहिणीनं वॉकर समोर धरला. आईनं दोन्ही पाय एकत्र बाहेर घेतले, सरकत कडेला आली, सीटवर हात रेटले आणि उठली. कुणी उपसली नाही. कुणी धरली नाही. तिची ती उठली आणि दारासमोर सरळ उभी राहिली. कुठंही कललेली नव्हती.

तिनं बंद दाराकडं बघितलं, वाट बघितली आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आगं ये! दार उघड! मी आलेय!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. बायको धावत आली, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या, अर्धं पाणी वाटेतच सांडलेलं. "आवं, आवाजच आला न्हाई!" ती म्हणाली. "मी कान लावून बसले व्हते की! आवाज झाला का उठायचं मनून बसले व्हते. मला वाटलं तुमी अजून गंगाखेडातच हाव!" आणि मग आईला तसं सरळ उभं बघून ती हसायला लागली आणि रडायलाही लागली. तेवढ्यात आईचा आवाज ऐकून शेजारची दारं उघडली. बाया बाहेर आल्या. कुणी म्हणालं, अगंबाई, चालत आल्या की. किराणावाला दुकानातून वाकून बघायला लागला.

हीच गल्ली, हेच दार. आप्पांना आणलं त्या वेळी आई दाराच्या आत उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आज ती दाराच्या बाहेर उभी राहून सगळ्यांना हाका मारत होती. बायको तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळत होती आणि आई तिला म्हणत होती, नीट ओवाळ, पाणी पायावर सांडू नको. मी बॉनेटला टेकून उभा होतो. मला सकाळपासून कुणाकुणावर राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला गेलो तर हाताचं काळं तोंडाला लागलं.

आईचं लक्ष गेलं. तिनं वॉकर धरून अख्खं अंग माझ्याकडं वळवलं.

"रडायलास कामून रे?" ती ओरडली. "मी काय ॲम्ब्युलन्समधून आलेय?"